एप्टेशिया नियंत्रण (घरगुती खारी टाकी)

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत नको असताना माजणाऱ्या छोट्या समुद्रपुष्पांना, म्हणजे सी अ‍ॅनिमोनना, आवरायच्या पद्धती. मुख्य त्रास दोघांचा: अर्धपारदर्शक, तपकिरी झाक असलेला लांबोळका एप्टेशिया, आणि ठेंगणा, हिरवट नाहीतर गुलाबी टोकांचा मजानो. दोन्ही बहुतेक वेळा दगडाला नाहीतर कोरलच्या, म्हणजे प्रवाळाच्या, बुडाला चिकटून येतात. नागपूरला समुद्र दूर, सगळा माल बाहेरून येतो, म्हणून जुन्या टाकीचा दगड हौशी लोकांमधे हातोहात फिरतो अन् त्याच्यासोबत एप्टेशिया पण.

वर्गीकरण आणि मूळ. इथं बराच घोळ आहे. जुन्या पुस्तकांत एप्टेशिया या वंशाखाली अनेक जाती दिसतात, २०१४ मधे ग्राहालेस आणि रॉड्रिग्ज या संशोधकांनी त्यातल्या बऱ्याच एकत्र करून एक्सएप्टेशिया हा नवा वंश मांडला. जातीचं नाव राप यांचं १८२९ चं डायफाना घ्यायचं की १८६४ चं पॅलिडा, यावर वाद झाला, कारण प्रयोगशाळांमधे पॅलिडाच रुळलं होतं. कोरल आणि शेवाळाची भागीदारी अभ्यासायला हाच प्राणी वापरतात, २०१५ मधे त्याचा जीनोमही, म्हणजे सगळा जनुकसंच, प्रसिद्ध झाला, म्हणून नाव बदलणं कोणालाच सोयीचं नव्हतं. तरी डायफाना जुनं आहे आणि तेच धरणं बरं. मूळ ठिकाण कोणतं हे पक्कं ठरवणं अवघड आहे. २०१३ च्या एका जनुकीय अभ्यासात दोन गट दिसले, एक जगभर पसरलेला अन् दुसरा अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्याकडचा, त्यावरून माणसाच्या वाहतुकीतून, बहुधा जहाजांसोबत, हा पसरला असावा हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

का माजतो. याच्या पायाच्या चकतीचा बारीक तुकडा दगडावर राहिला तरी त्यातून नवा प्राणी उभा राहतो, म्हणून चिमट्यानं ओढणं, ब्लेडनं खरवडणं हे उपाय उलटे पडतात, एकाचे पाच होतात. डिवचलं की अंगातून पांढरे धागे बाहेर फेकतो, त्यात डंख मारणाऱ्या पेशी ठासून भरलेल्या असतात आणि शेजारचं कोरल भाजून निघतं. अंगात शेवाळ असल्यामुळं उजेडावर जगतो, शेवाळ गेलं तरी मिळेल ते खाऊन तग धरतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारं यंत्र, बंद पडला तर कोरल आधी मरतं, एप्टेशिया फिका पडून का होईना पण टिकतो अन् रिकामी झालेली जागा धरतो. म्हणून इथल्या टाकीत उन्हाळ्याआधीच संख्या कमी करून ठेवणं शहाणपणाचं. सगळ्यात मोठं कारण मात्र जास्तीचं खाणं, फ्रोझन आर्टेमिया (माशांना घालायचे गोठवलेले बारीक जीव) सढळ हातानं टाकला की पहिले हेच पोसले जातात.

मारायच्या पद्धती. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, म्हणजे काल्कवासरची, दाट पेस्ट सिरिंजमधे भरून तोंडावर सोडायची ही जुनी आणि स्वस्त रीत. आधी पंप बंद करायचे, सुई हळूच वरून न्यायची, कारण सावली किंवा धक्का लागला की तो झटकन भोकात आक्रसतो अन् मग पेस्ट नुसती दगडावर बसते. तोंडाच्या चकतीवर पेस्टचा गोळा पडला की बहुतेकदा तो खाणं समजून आत ओढतो, तेच पाहिजे असतं. या चुन्याच्या (कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे चुनाच) संपृक्त द्रावणाचा पीएच १२.४ च्या आसपास असतो, तेव्हा हातमोजे, चष्मा घालायचा आणि एका दिवशी थोडेच मारायचे, नाहीतर टाकीचाच पीएच उडतो. खर्ऱ्यातला (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणातला) चुना रसायन म्हणून तोच, पण पानठेल्यावरच्या डबीत आणखी काय आहे ते सांगता येत नाही, टाकीत घालू नये. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टोचणारेही आहेत, अर्धवट मेलेला परत येतो ही त्यांची अडचण. दगड काढून उकळायचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, दगडावर पॅलिथोआ हा कोरलसारखा प्राणी असेल तर वाफेतून त्याचं पॅलिटॉक्सिन हे विष श्वासात जाऊन घरातले सगळेच आजारी पडू शकतात, अशा घटना नोंदलेल्या आहेत.

खाणारे प्राणी. पेपरमिंट श्रिंप, एक छोटी कोळंबी, सगळ्यात माहितीचा, पण त्या नावाखाली काय मिळतं हा मोठाच प्रश्न आहे. पूर्वी सगळ्यांना लिस्माटा वुर्डेमनी म्हणत, २००६ मधे राइन आणि लिन यांनी त्यातून चार नव्या जाती वेगळ्या काढल्या, त्यातली बॉगेसी व्यापारात बरीच फिरते. त्याहून वाईट म्हणजे कॅमल श्रिंप, पाठीला कुबड, लाल अंगावर पांढऱ्या रेघा, चोच वरखाली हलणारी, हा पेपरमिंट म्हणून गळ्यात पडतो आणि कोरलच खातो. घेताना चोच नीट पाहावी. खरा पेपरमिंट लहान एप्टेशिया खातो, मोठ्यांच्या वाटेला फारसा जात नाही, अन् पोट भरलेलं असलं तर मुळीच नाही. बर्घिया ही समुद्री गोगलगाय एप्टेशियावरच जगते, त्याच्या डंखपेशी स्वतःच्या पाठीवरच्या शिंगांत साठवते, आणि एप्टेशिया संपला की उपाशी मरते, तेव्हा आधीच दुसऱ्या कोणाच्या टाकीत तिची सोय पाहून ठेवावी. फाइलफिश अ‍ॅक्रिक्थिस टोमेंटोससही खातो, कधी कोरलही टोचतो. कॉपरबँड बटरफ्लाय मासा खातो पण पाळायला नाजूक, नवख्यानं फक्त एप्टेशियासाठी तो आणू नये.

मजानो. अ‍ॅनिमोनिया वंशातला. पाय दगडाला घट्ट, बर्घिया त्याला खात नाही, पेपरमिंटचाही भरवसा नाही. काल्कवासर पेस्ट चालते, पण पुन्हा पुन्हा लावावी लागते.