आईचं वय आणि आईचं म्हणणं

चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी बांधताना डाऊन सिंड्रोम असलेला मुलगा एकेक सुपारीचा घोस बापाच्या हातात देतो. घोस मोजायला त्याला वेळ लागतो, बापाला घाई नसते. दर्शनाला आलेली नात्यातली बाई मात्र आईला बाजूला घेऊन विचारतेच, "तुझं लग्न उशिरा झालं होतं ना गं?" गोव्यातल्या फोंडा-डिचोलीकडच्या घरांतला हा प्रश्न वाटतो तितका अडाणी नाही, त्याला विज्ञानाचीच परंपरा आहे.

जॉन लँगडन डाऊन या इंग्रज डॉक्टरने 1866 साली या मुलांचं वर्णन लिहिलं, तेव्हाच बोट आईबापांकडे गेलं होतं. त्याच्या मते मूळ कारण त्यांचा क्षय. पुढे 1933 मध्ये लायनेल पेनरोज यांनी आकडेमोड करून दाखवलं की बापाचं नव्हे, आईचं वय महत्त्वाचं. 1959 मध्ये पॅरिसमध्ये या मुलांत एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत सापडली आणि क्षयाची गोष्ट मिटली. वयाची राहिली. तिचा अर्धाच भाग घरोघरी पोचला. चाळिशीच्या आईला धोका साधारण शंभरात एक, हे खरं. पण बाळंतपणं तरुण वयातच जास्त होतात, म्हणून यातली बहुतेक मुलं पस्तिशीच्या आतल्या आयांची असतात.

पालकांना काय वाटतं, हे विचारायला 1960 चं दशक उजाडलं. मतिमंद मुलांच्या पालकांचं दुःख मुरलेलं असतं, तो मानसिक आजार नव्हे आणि ते 'स्वीकारा' म्हणून मागे लागू नका, असं सायमन ओलशान्स्की यांनी 1962 मध्ये अमेरिकेत लिहिलं. माझ्या मते या विषयातलं सर्वांत माणुसकीचं वाक्य हेच. 2011 मध्ये तिथल्याच 2,044 पालकांच्या पाहणीत 79 टक्क्यांनी मुलामुळे आयुष्याकडे पाहण्याची दृष्टी अधिक चांगली झाल्याचं सांगितलं. अर्थात हे पालक संघटनांमार्फत गाठलेले. एकटे पडलेले त्यात कमीच असणार.

दरम्यान मुलं जगू लागली. अमेरिकेत 1983 च्या सुमारास सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षं होतं, आता साठच्या आसपास. हृदयाच्या शस्त्रक्रियांचा यात मोठा वाटा, कारण निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. त्यामुळे संशोधकांचे प्रश्नही म्हाताऱ्या पालकांपर्यंत आले. आपल्याकडे 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांपुढच्या मुलासाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली. अर्जात त्या पालकाचं नाव लिहावं लागतं. थोरला दुबईला, मुलगी पुण्यात; तो रकाना भरायचा राहून कागद देवघराच्या खणात पडून असतो.