लौकिक चाल (ख्रिस्ती उपासनासंगीत)

प्रेमगीत, लोकगीत किंवा रंगभूमीवरील गाण्याच्या चालीवर भक्तिपर शब्द बसवून ते उपासनेत गाण्याची प्रथा. मंडळीत (चर्चच्या उपासक समुदायात) परंपरागत गीते गावीत की लोकांच्या तोंडी असलेली, हा वाद बहुधा शब्दांपेक्षा चालीवरून पेटतो. शब्द बदलता येतात. चालीला चिकटलेली आठवण सहजी सुटत नाही.

मार्टिन ल्यूथरचे नाताळगीत ‘फॉम हिमेल होख’ १५३५ साली छापले गेले ते एका लौकिक गाण्याच्या चालीवर. १५३९ मध्ये त्याला नवी चाल मिळाली. ल्यूथरने गुत्त्यातल्या चाली देवळात आणल्या, ही मात्र दंतकथाच. हा घोळ ‘बार’ या शब्दामुळे झाला: ‘बार’ हे जर्मन पद्यातील एका रचनाबंधाचे नाव आहे, मद्यालयाचे नव्हे.

सर्वांत बोलके उदाहरण जर्मन संगीतकार हान्स लिओ हासलर याचे. १६०१ मधील त्याच्या गीतात एका मुलीपायी सैरभैर झालेला तरुण आपली व्यथा सांगतो. १६१३ पर्यंत ती चाल मृत्यूची ओढ व्यक्त करणाऱ्या गीताला लागली. पुढे जर्मन गीतकार पाउल गेरहार्टचे, ख्रिस्ताच्या जखमी मस्तकाला उद्देशून लिहिलेले गीतही तिच्यावरच गायले जाऊ लागले. संगीतकार बाखने ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ या रचनेत (१७२७) ती पाच वेळा वापरली. आज ती ऐकून कोणाला प्रेयसी आठवत नाही, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आठवतो.

कॅथलिक परंपरेत ‘लोम आर्मे’ (शस्त्रधारी पुरुष) या फ्रेंच गाण्यावर चाळीसहून अधिक मिस्सारचना (मिस्सा या मुख्य उपासनाविधीसाठीचे संगीत) झाल्या. ट्रेंट येथील कॅथलिक धर्मपरिषदेने १५६२ मध्ये असभ्य, विषयासक्त संगीत चर्चबाहेर ठेवण्यास सांगितले. तरी इटालियन संगीतकार पालेस्त्रीनाने १५७० मध्ये हीच चाल उघडपणे वापरली. १५८२ मध्ये ती पुन्हा घेतली, पण मिस्साचे नाव ठेवले नुसते ‘चौथी’! जिनिव्हात प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनने प्रामुख्याने बायबलमधील स्तोत्रसंहितेवर भर दिला. एकोणिसाव्या शतकातील मुक्तिफौजेने (साल्व्हेशन आर्मी) मात्र इंग्लंडमधील करमणुकीच्या गाण्यांच्या चाली बेधडक उचलल्या.

लग्नविधीत प्रश्न उलटा होतो: तेथे लौकिक संगीत शब्दांवाचूनच शिरते. वाग्नरच्या ‘लोहेनग्रिन’ (१८५०) या ऑपेरातील वधूगीताच्या सुरांवर असंख्य वधू चर्चमध्ये आल्या. काही पाळक व धर्मगुरू त्याला आजही नकार देतात. ऑपेरातले ते लग्न पहिल्या रात्रीच मोडते, हे वऱ्हाडाच्या गावीही नसते.

मराठी मंडळीत ‘परंपरागत’ गीतेच परदेशी होती. मिशनऱ्यांनी आणलेल्या इंग्रजी चालींत मराठी शब्द कोंबताना ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण होई. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी, भजन व कीर्तन हे मार्ग धरले. येथे चालीला चिकटलेली आठवण प्रेमगीताची नव्हती, वारकऱ्यांच्या टाळ-मृदंगाची होती. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांची पदे आणि भाषांतरित गीते एकाच बांधणीत आहेत.