‘तायपान!’ आणि त्याच्या गोदामातली अफू

‘तायपान!’ हा व्यापाराचा खेळ आर्ट कॅनफिल यांनी १९७९मध्ये टीआरएस-८० या संगणकासाठी लिहिला. आज बहुतेक जण खेळतात ती मात्र रोनाल्ड बर्ग यांनी केलेली १९८२ची ॲपल टूवरची आवृत्ती. हाँगकाँगमधल्या परदेशी पेढीच्या प्रमुखाला तायपान म्हणत. खेळाची प्रेरणा १९६६च्या एका गाजलेल्या इंग्रजी कादंबरीची, पण बांधणी त्याआधीच्या, ‘बेसिक’ या संगणकभाषेत लिहिलेल्या हिशेबी खेळांची. धान्य वाटायचा ‘हमुराबी’, सरबत विकायचा ‘लेमोनेड स्टँड’, ताऱ्यांमध्ये माल फिरवायचा ‘स्टार ट्रेडर’ या सगळ्यांत पडद्यावर आकडे आणि हातात एक निर्णय, एवढंच असे. टीआरएस-८०च्या पडद्यावर १६ ओळी मावत आणि सुरुवातीच्या यंत्रात मेमरी ४ किलोबाइट. खेळ सुटसुटीत ठेवण्यावाचून फारसा इलाजही नव्हता.

साल १८६०. सुरुवातीलाच विचारणा होते: रोख ४०० घेऊन ५,०००चं कर्ज डोक्यावर, की कर्ज नाही, पैसाही नाही, फक्त पाच तोफा? जहाजात ६० नग मावतात आणि प्रत्येक तोफ त्यातली १० नगांची जागा खाते. माल चार प्रकारचा: अफू, रेशीम, शस्त्रं आणि किरकोळ सामान. सात बंदरं. एका बंदरातून दुसऱ्यात गेलं की महिना सरतो आणि वू नावाच्या सावकाराचं १० टक्के व्याज चढतं. चक्रवाढीने ५,०००चे वर्षभरात पंधरा हजारांवर जातात. ली युएन या समुद्री चाच्याला शांत ठेवायचं तर देवीच्या देवळात ‘देणगी’ द्यावी लागते. हा हप्ता आहे हे कुणीही ओळखेल. काही आवृत्त्यांत वूला कर्जाहून जास्त रक्कम परत दिली की कर्ज उणे होतं आणि त्यावरही व्याज वाढत राहतं, म्हणजे सावकारच तुमचा देणेकरी! ही चूक अनेकांनी रणनीती म्हणून वापरली.

भावांची चढउतार आणि व्याजाचा धाक अस्सल वाटतात. इतिहासाशी मात्र खेळ सैल वागतो. हाँगकाँगबाहेर अफू घेऊन गेलात तर अधिकारी ती जप्त करून वर दंडही ठोकू शकतात. नागासाकीत ते पटतं, कारण १८५८मध्ये अमेरिकेशी झालेल्या व्यापारी करारात जपानने अफूच्या आयातीला बंदी घातली होती. शांघायमध्ये पटत नाही. १८५८च्याच जकात करारानं चीनमध्ये अफूची आयात पेटीमागे ३० ताएल (चांदी तोलायचं चिनी वजन) चांदीचा कर भरून कायदेशीर झाली होती. त्यामागे दोन अफूयुद्धांचा दबाव होता, आणि दुसरं तर १८६०मध्ये चालूच होतं. पडद्यावर त्याची चाहूलही नाही.

आणखी एक बंदर नकाशावर नाही: मुंबई. चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा माळव्याचा होता आणि तिथली बरीच खसखशीची शेतं शिंदे-होळकरांच्या राज्यांत होती. ईस्ट इंडिया कंपनीने हा माल आधी रोखायचा प्रयत्न केला, तेव्हा तो दमणमार्गे निसटायचा. मग १८३०च्या सुमारास कंपनीने पास देऊन, कर घेऊन तो मुंबईतून जाऊ दिला. या व्यापारातले ठळक नाव जमशेटजी जीजीभॉय. पुढे अफूच्या व्यापारात मोठा झालेल्या विल्यम जार्डिनशी त्यांची ओळख १८०५मध्ये फ्रेंचांनी पकडलेल्या ‘ब्रन्सविक’ जहाजावर झाली, आणि नंतर त्याच्या जार्डिन-मॅथेसन पेढीशी त्यांचे व्यवहार दीर्घकाळ चालले. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यांच्याच देणगीतलं. खेळात अफू फक्त सर्वांत महाग माल म्हणून येते. तिचा शेतकरी नाही, ओढणाराही नाही.

१९८४मध्ये जॉन डेल यांचा ‘ड्रगवॉर्स’ डॉस या संगणकप्रणालीवर आला, तो याच सांगाड्यावर: जहाजाऐवजी कोटाचे खिसे, बंदरांऐवजी न्यूयॉर्कच्या वस्त्या. सावकार तिथेही आहे.