ओ-रिंग की बांधलेली रोहिणी? इस्केमिक वेदनेची दोन मॉडेल्स

प्राण्यांवरच्या प्रकल्पाच्या प्रस्तावात नुसतं 'इस्केमिक वेदनेचं', म्हणजे रक्तपुरवठा तुटल्यानं होणाऱ्या वेदनेचं, 'मॉडेल' लिहून भागत नाही. त्या नावाखाली दोन निराळ्या गोष्टी खपून जातात. एकीत रक्त काही तास अडवून पुन्हा सोडतात, दुसरीत मांडीची रोहिणी (धमनी) कायमची बांधतात. पाय मागचाच, प्राणी तोच, पण वेदनेचं कारण वेगळं.

पहिलं मॉडेल मॅकगिल विद्यापीठातल्या कोडेर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये मांडलं. रॅटला भूल देऊन घोट्याच्या जरा वर घट्ट नायट्राइल ओ-रिंग (रबराचं कडं) चढवायची आणि 3 तासांनी कापायची. रिंग थेट पंजावरून ओढली तर कातडी सोलवटते. म्हणून ती आधी कापलेल्या 3 मिलि सिरिंजच्या नळीवर चढवतात, पंजा नळीत घालतात आणि रिंग घोट्यावर सरकवतात. पंजा निळा पडला पाहिजे. रिंग कापल्यावर तो लाल, गरम होतो आणि सुजतो. सूज ओसरते, स्पर्शाची आणि थंडीची अतिसंवेदना मात्र आठवडेच्या आठवडे टिकते. कारण रक्त परतताना तयार होणारे ऑक्सिजनचे मुक्त कण केशवाहिन्यांना इजा करतात आणि बारीक वाहिन्यांतला प्रवाह मंदावलेलाच राहतो. म्हणूनच इथे एन-ॲसिटिलसिस्टीनसारखी ॲन्टिऑक्सिडंट्स उपयोगी पडतात. हे मॉडेल कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोमच्या (इजेनंतर हातापायात टिकून राहणाऱ्या तीव्र वेदनेच्या आजाराच्या) पहिल्या प्रकारासाठी आहे. चालताना पोटरीत कळ येणाऱ्या रुग्णासाठी नाही.

इथे फसगत बहुतेक वेळा तापमानामुळे होते. 3 तास भूल असलेला प्राणी गार पडतो, गार ऊतींची ऑक्सिजनची गरज घटते आणि इजा अपुरी होते. गरम पॅड हवाच. वजनांत फार फरक असेल तर तीच रिंग एकाला सैल, दुसऱ्याला जास्त आवळते. शॅम गटाला, म्हणजे रक्त न अडवलेल्या तुलनेच्या गटाला, कापलेली रिंग सैलसर घालायची, भूल तेवढीच.

दुसरं मॉडेल धमनीविकाराचं, म्हणजे चालल्यावर पोटरी भरून येणाऱ्या रुग्णाचं. जांघेखाली फेमोरल (मांडीची) रोहिणी मोकळी करून बांधतात. विश्रांतीत पाय बऱ्यापैकी भागवून घेतो. स्नायू कामाला लागला की रक्त कमी पडतं. आम्ल साचतं, संवेदी चेतापेशींतले एएसआयसी3 हे आम्लग्राही चॅनल वाढतात आणि स्नायू आकुंचन पावताना रक्तदाब नेहमीपेक्षा जास्त चढतो. तेव्हा पंजाला व्हॉन फ्रे तंतू (ठरावीक दाब देणारा बारीक तंतू) टोचून 'वेदना नाही' असा निष्कर्ष काढणं चूकच. तो तंतू कातडी तपासतो, पोटरी नाही. पोटरीवर दाब देऊन मोजा किंवा ट्रेडमिल वापरा. मात्र कमी धावणं हे अशक्तपणामुळेही असू शकतं.

रोहिणीला खेटूनच शीर आणि चेता जातात. चिमटा चेतेला लागला की इस्केमियाऐवजी चेताइजेचंच मॉडेल हाती येतं, आणि आलेखात ते कळतही नाही. माउस वापरत असाल तर जात ठरवून घ्या: सी57बीएल/6 मध्ये पर्यायी वाहिन्या लवकर रक्त पोहोचवतात, बाल्ब/सी मध्ये बोटं झडू शकतात. प्रवाह खरंच घटला का, हे लेसर डॉप्लरनं दुसऱ्या पायाशी ताडून पाहतात.

ही ताडणी वेदनेच्या मोजणीत ओ-रिंगवाल्या प्राण्याला लावू नका. त्यात दुसरा पंजाही हळवा होतो, त्यामुळे तुलनेला वेगळा शॅम गटच लागतो. सीसीएसईएच्या (प्राणीप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीच्या) अर्जात प्राण्यांची संख्या मांडताना तो धरायचा.