जेडाइटचे दागिने : रंग आणि प्रत यांवरून निवड

जेडाइट हे पायरोक्सीन नावाच्या खनिजगटातील सोडियम-ॲल्युमिनियम सिलिकेट आहे. दागिन्यातला जेडाइट हा एकसंध स्फटिक नसतो. एकमेकांत घट्ट गुंतलेल्या असंख्य बारीक स्फटिकांचा तो दगड असतो, म्हणून त्याची परीक्षा हिऱ्या-माणकासारखी करून भागत नाही. कॅरटला अमुक भाव असा हिशेबही इथे फारसा चालत नाही, प्रत्येक नगाची किंमत स्वतंत्र ठरते.

‘जेड’ या एकाच नावाने जेडाइट आणि नेफ्राइट ही दोन वेगळी खनिजे विकली जातात. दोन्ही भिन्न आहेत हे फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ आलेक्सी दामूर यांनी १८६३ मध्ये रासायनिक पृथक्करणातून दाखवले. नेफ्राइटचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड ते) सुमारे २.९५ आणि प्रणमनांक (दगडात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचे माप) १.६१ असतो, जेडाइटचे हेच आकडे सुमारे ३.३४ आणि १.६६. नेफ्राइट अधिक चिवट, जेडाइट किंचित अधिक कठीण (मोह्स मापावर काठिन्य ६.५ ते ७). झळाळता पाचूसारखा हिरवा आणि जांभळा हे रंग मात्र जेडाइटचेच. चिनी व्यापारात जेडाइटला ‘फेइत्सुई’ म्हणतात, हा शब्द मुळात खंड्या पक्ष्याच्या पिसांवरून आला.

रंग : शुद्ध जेडाइट पांढरा किंवा रंगहीन असतो, रंग येतो तो भेसळ मूलद्रव्यांमुळे. क्रोमियममुळे तेजस्वी हिरवा, लोहामुळे करडट किंवा निळसर झाक असलेला हिरवा, मँगनीजमुळे लव्हेंडर. नदीतल्या गोट्याच्या सालीलगत लोहाची ऑक्साइडे कणांच्या फटींत मुरतात आणि तिथे पिवळा, नारिंगी, तांबूस रंग दिसतो. काळा जेड म्हणून मिळणारा काही माल उजेडात धरला की गर्द हिरवा निघतो, तो ओम्फासाइट या जवळच्या खनिजाचा असतो.

हिरव्याची प्रत जोखताना तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्यात. पहिली छटा : हिरव्यात किंचित पिवळा किंवा निळा चालतो, करडा किंवा तपकिरी शिरला की भाव झपाट्याने उतरतो. दुसरी रंगाची तीव्रता, जिचे वजन सर्वांत जास्त. तिसरी गडदपणा : मध्यम गडद उत्तम, फार गडद दगड अंगठीत काळपट दिसतो. ‘इम्पीरियल’ हिरवा म्हणतात तो या तिन्हींचा मेळ साधलेला आणि शिवाय अर्धपारदर्शक. दगड हातभर अंतरावर धरून पाहावा. जवळून छान वाटणारा पुष्कळ माल त्या अंतरावर मळकट होतो, खरा तीव्र रंग तिथूनही हिरवाच राहतो.

रंग सगळीकडे सारखा पसरलेला असावा ही अपेक्षा अंगठीच्या खड्याकडून आणि माळेतल्या मण्यांकडून रास्त आहे. बांगडीत ती ठेवू नये. पांढऱ्यावर हिरवे ठिपके-पट्टे असलेल्या दगडाचे सौंदर्य वेगळे असते आणि त्याला स्वतःचे गिऱ्हाईकही असते.

उजेडाबद्दल चिनी व्यापाऱ्यांत म्हणच आहे की दिव्याखाली रंग पाहू नये. पिवळ्या दिव्याच्या झोतात हिरवा अधिक उबदार आणि दाट वाटतो, लव्हेंडर तर इतका गुलाबी दिसतो की बाहेर आल्यावर दगड बदलला की काय अशी शंका यावी. सकाळी उशिराचा, थेट ऊन नसलेला खिडकीचा उजेड सर्वांत विश्वासू. दगड आधी पांढऱ्या कागदावर, मग काळ्या कापडावर, शेवटी त्वचेवर ठेवून पाहावा. तिन्ही ठिकाणी रंग फार बदलत असेल तर दगड पातळ आहे आणि रंग खालच्या पृष्ठभागाकडून उसना घेतो आहे. अंगठी उलटी करून पाठ पाहणे याच कारणासाठी आवश्यक. बंद कोंदणात खड्याखाली चकचकीत पत्रा किंवा हिरवा थर दडवता येतो. पाठ उघडी नसलेला महागडा नग कोंदणातून काढल्याशिवाय घेऊ नये.

पारदर्शकता आणि पोत : या दोन्ही एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. स्फटिककण जितके बारीक आणि घट्ट, तितका प्रकाश कमी विखुरतो आणि दगड तितका आतून उजळतो. व्यापारात याच्या प्रती खाद्यपदार्थांवरून आणि काचेवरून ओळखल्या जातात. काचेसारखा सर्वांत वरचा, त्याखाली बर्फासारखा, मग चिकट भातासारखा, आणि कण नुसत्या डोळ्यांनी दिसतील असा घेवड्यासारखा. काचेसारख्या दगडाचा काही मिलिमीटर जाडीचा तुकडा छापील कागदावर ठेवला तर खालची अक्षरे ओळखता येतात. घेवड्यासारख्यातून नुसता धूसर उजेड येतो.

नवख्या ग्राहकाची चूक बहुधा इथेच होते. तो रंग पाहतो आणि पोत विसरतो. अपारदर्शक दगडातला छान हिरवा ठिपका जिथल्या तिथे बसून राहतो. तोच ठिपका बर्फासारख्या दगडात असेल तर आजूबाजूला विरघळल्यासारखा पसरतो आणि अख्खा खडा हिरवा वाटतो. त्यामुळे फिकट पण स्वच्छ दगड हा गडद पण चुन्यासारख्या दगडापेक्षा पुष्कळदा चांगली खरेदी ठरतो. रंगहीन काचेसारख्या जेडाइटलाही चांगली किंमत येते ती यामुळेच.

भिंगाखाली जेडाइटच्या पृष्ठभागाजवळ माशीच्या पंखासारख्या लहान चकचकीत चकत्या दिसतात. कणांच्या पाटनपृष्ठांवरून, म्हणजे स्फटिक ज्या सपाट पातळ्यांवर फुटतो त्यांवरून, प्रकाश परावर्तित होतो म्हणून त्या दिसतात आणि त्या दगड ओळखायला मदत करतात. अतिबारीक पोतात त्या सापडत नाहीत, तेव्हा त्या नाहीत म्हणून दगड खोटा ठरवू नये.

तडे आणि इतर दोष : दगडात दोन प्रकारच्या रेषा असतात. एक, तयार होतानाच पडलेली आणि पुन्हा खनिजाने भरून आलेली शीर. दुसरी, उघडी चीर. टॉर्चचा झोत बाजूने टाकला की फरक कळतो : चिरेपाशी प्रकाश अडतो, एका बाजूस उजळ आणि पलीकडे अंधार दिसतो. शिरेतून तो पार होतो. नख आडवे फिरवताना अडकले तर चीर पृष्ठभागापर्यंत आली आहे. बांगडीत कड्याला आडवी जाणारी चीर सर्वांत वाईट, कारण धक्का बसला की ती तिथेच तुटते. लांबीच्या दिशेची त्यामानाने सुसह्य. कोरीव लोलकात पान, ढग किंवा पाकळी नेमकी चिरेवर आणून बसवायची पद्धत आहे. म्हणून कोरीवकाम जितके दाट तितकी तपासणी बारीक करावी. सपाट, काहीही न कोरलेला तुकडा महाग असतो त्याचे कारणही हेच की त्यात लपवायला जागा नसते. हिरव्याच्या मधोमध दिसणारे काळे ठिपके क्रोमाइट या क्रोमियमयुक्त खनिजाचे असू शकतात. ते रंगाच्या उगमाचेच अवशेष, पण खड्याच्या माथ्यावर आले तर प्रत उतरते.

घाट : कॅबोशाँ म्हणजे घुमटाकार खडा. घुमट सममित असावा आणि पाठीलाही किंचित फुगवटा असावा. पाठ पोखरून काढलेला खडा दिसला तर मूळ दगड फार गडद होता असे समजावे. तो घ्यायला हरकत नाही, मात्र भरीव खड्याच्या भावाने घेऊ नये आणि तो नाजूक आहे हे लक्षात ठेवावे. झिलई काचेसारखी हवी, झुंबराचे प्रतिबिंब कडेने वाकडे न होता उमटले पाहिजे.

मण्यांची माळ सर्वांत खर्चिक, कारण रंग, पोत आणि आकार जुळणारे मणी काढायला मोठा सलग दगड लागतो आणि गोल घासताना त्यातला बराच वाया जातो. एकेकाळी अमेरिकी धनाढ्य वारसदार बार्बरा हटन यांच्याकडे असलेली २७ मण्यांची हटन-म्दिवानी माळ ७ एप्रिल २०१४ रोजी हाँगकाँगच्या लिलावात २ कोटी ७४ लाख अमेरिकी डॉलरला गेली. मणी १५.४ ते १९.२ मिलिमीटर व्यासाचे होते. माळ घेताना भोके मध्यातून गेली आहेत ना आणि त्यांच्या तोंडाशी कपच्या उडाल्या नाहीत ना, हे प्रत्येक मण्यावर पाहावे.

बांगडी एकाच तुकड्यातून कापलेली असते, ती वाढवता येत नाही. अंगठा तळव्यात दुमडून बोटांच्या पेरांपाशी हाताचा मोठ्यात मोठा घेर मोजावा आणि ३.१४ ने भागावा. घेर १८ सेंमी असेल तर आतला व्यास सुमारे ५७ मिमी. सैल बांगडी टेबलावर आदळते. जेडाइट चिवट असले तरी एखाद्या जुन्या चिरेला तेवढा धक्का पुरतो.

प्रक्रिया केलेला माल : बाजारात ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी अक्षरे चालतात आणि त्यांनी गैरसमजही बराच केला आहे. ‘ए’ म्हणजे फक्त मेणाचा हात दिलेला, बाकी नैसर्गिक दगड. उत्तम प्रत असा त्याचा अर्थ नाही. अगदी मळकट, चिरलेला, घेवड्याच्या पोताचा दगडही ‘ए’च असतो. ‘बी’ प्रकारात दगड तीव्र आम्लात भिजवून तपकिरी डाग काढतात, मग फटींमध्ये पारदर्शक राळ भरतात. त्यामुळे दगड एकदम स्वच्छ आणि अर्धपारदर्शक दिसतो, पण आम्लाने कणांची पकड सुटलेली असते आणि राळ पुढे पिवळी पडते. ‘सी’ म्हणजे रंगवलेला. दोन्ही केलेलाही पुष्कळ मिळतो.

दहापट भिंगाखाली दगड तिरपा धरून परावर्तित उजेडात पाहिला की ‘बी’च्या पृष्ठभागावर आटलेल्या तळ्याच्या गाळासारखे जाळे दिसते. नैसर्गिक दगडावरही संत्र्याच्या सालीसारखे उंचसखल असते, पण त्यात खोबणींचे सलग जाळे नसते. दोऱ्याला टांगलेल्या बांगडीवर नाण्याने हलके टिचकवले तर नैसर्गिक बांगडी खणखणते, ‘बी’ बद्द वाजते. मात्र चिरलेली नैसर्गिक बांगडीही बद्द वाजते, तेव्हा नुसत्या आवाजावर निर्णय नको. अतिनील दिव्याखाली निळसर पांढरी चमक राळेचा संशय देते. रंगवलेल्या दगडात रंग कणांच्या फटींत धाग्यांसारखा साचतो, कणांच्या आत नसतो. वर्णपटदर्शकात (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणात) नैसर्गिक क्रोमियमचा हिरवा ६३०, ६५५ आणि ६९० नॅनोमीटरजवळ अशा तीन रेषा देतो, रंगवलेला साधारण ६३० ते ६७० दरम्यान एकच रुंद पट्टा देतो.

शेवटचा निकाल प्रयोगशाळेतील अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपट देतो, कारण राळ आणि दगड वेगवेगळा प्रकाश शोषतात. प्रमाणपत्रात ‘जेडाइट’, ‘नैसर्गिक रंग’ आणि ‘राळ आढळली नाही’ हे तिन्ही मुद्दे हवेत. नुसते ‘जेड’ लिहिलेले पुरत नाही. छायाचित्र, वजन आणि मापे नगाशी ताडून पाहावीत. चांगल्या नगाचे प्रमाणपत्र दुसऱ्याच नगाबरोबर देणे अगदी सोपे असते.

तोतये : ‘मलेशियन जेड’ म्हणजे रंगवलेला क्वार्ट्झाइट, ‘इंडियन जेड’ म्हणजे ॲव्हेंचुरीन हा क्वार्ट्झचाच प्रकार, ‘न्यू जेड’ म्हणजे सर्पेंटाइन हे वेगळेच खनिज, ‘ट्रान्सव्हाल जेड’ म्हणजे गार्नेट कुळातला दगड. काचेत बुडबुडे आणि वळसे दिसतात. सुरीने ओरखडा काढून पाहण्यात अर्थ नाही, क्वार्ट्झलाही तो पडत नाही. सुटा खडा असेल तर त्याचे हवेतले आणि पाण्यात बुडवून टांगलेल्या अवस्थेतले वजन घ्यावे : २० ग्रॅमचा खडा पाण्यात १४ ग्रॅम भरला तर घट ६ ग्रॅमची, मग २० भागिले ६, म्हणजे ३.३३, हे जेडाइटचे गुरुत्व. क्वार्ट्झ २.६५ च्या आसपास थांबतो.

उगम : उत्तम हिरवा माल मुख्यतः म्यानमारच्या कचिन राज्यातील पाकन परिसर आणि उरू नदीचे खोरे इथून येतो. ग्वाटेमालातील मोटाग्वा खोरे आणि जपानमधील इतोइगावा इथेही जेडाइट सापडते. पाकनच्या खाणींत जुलै २०२० मध्ये मातीचा ढिगारा कोसळून १७० हून अधिक माणसे मेली, त्यामुळे काही ग्राहक उगम विचारतात. केवळ उगमावरून मात्र दगडाची प्रत ठरवता येत नाही.

निगा : कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढे पुरते. अल्ट्रासॉनिक यंत्र, वाफ आणि आम्ल टाळावे. दागिना हिरा, नीलम यांच्यापासून वेगळ्या कापडात ठेवावा. माळ रेशमी दोऱ्यात, प्रत्येक मण्यानंतर गाठ मारून ओवलेली असावी, म्हणजे दोरा तुटला तरी एकच मणी जमिनीवर पडतो.