भिंतीला काच, ओट्याला दगड

कढईत तेल तापलेलं असतं, मोहरी तडतडते आणि त्यात नुकताच धुतलेला ओला कढीपत्ता पडतो. पानांवरचं पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तेलाखाली जातं आणि तिथल्या उष्णतेत क्षणात त्याची वाफ होते. वाफेला मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. ती जागा करून घेताना वरचं तेल उडतं, आणि त्यासोबत हळद, तिखट, काळा मसालाही. मराठवाड्यातल्या घरात हे दिवसातून दोनदा तरी घडतं. गॅसमागची भिंत ते वर्षानुवर्षं झेलत असते.

आजवर त्या भिंतीला टाइल्स लावायची पद्धत. टाइल्सची चकचकीत बाजू पुसली जाते, अडचण असते ती दोन टाइल्समधल्या फटींची. त्यात भरलेलं सिमेंट सूक्ष्म छिद्रांचं असतं आणि हळदीतलं कुर्क्युमिन हे पिवळं रंगद्रव्य तेलात विरघळतं. वसमतची चांगली रंगदार हळद असेल, तर तेलासोबत तो रंग फटीत पार आत मुरतो. मग आपण साबण लावून घासतो आणि पिवळा डाग लालसर होतो. साबण अल्कधर्मी असतो आणि अल्कलीत कुर्क्युमिनचा रंग बदलतो, म्हणून हे होतं. डाग निघालेला नसतो.

काचेला ना फटी, ना छिद्रं. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या नव्या घरांत गॅसमागे मागच्या बाजूने रंगवलेली अखंड काच दिसू लागली आहे, आणि माझ्या मते ती निवड योग्य आहे. रंग काचेच्या मागे असल्याने त्याला तेलाचा हात लागत नाही. ओल्या फडक्याने पुसलं की झालं, घासायला तांब्याभर पाणीही लागत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हा फायदा छोटा नाही.

बोअरच्या पाण्याचं मात्र भान ठेवावं लागतं. आपल्या जमिनीखालच्या बेसॉल्टमधून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. असं जड पाणी काचेवर वाळलं की कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे ठिपके उरतात, आणि गडद रंगाच्या काचेवर ते डोळ्यांत भरतात. पुसून लगेच कोरडं फडकं फिरवलं तर ठिपके पडत नाहीत. पडलेच तर लिंबाने किंवा व्हिनेगरने विरघळतात, काचेला काही होत नाही. हाच लिंबू कडप्प्याच्या किंवा शहाबादीच्या ओट्यावर फिरवू नका. ते दोन्ही दगड चुनखडीचे, म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेटच. आम्ल डागाबरोबर दगडही खातं.

भिंतीवर इतकी चांगली, तर ओट्यावरही काचच का नको? याचं उत्तर काचेच्या आत आहे. स्वयंपाकघरात साधी काच चालत नाही. एका जागी तापली आणि बाजूला गार राहिली, तर सुमारे ४० अंशांच्या फरकानेही ती तडकू शकते. म्हणून टफन काच घेतात. साधी काच भट्टीत ६२० अंश सेल्सिअसच्या वर तापवायची आणि दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत सोडून झटकन गार करायची. पृष्ठभाग आधी गार होऊन कडक होतो, आतला भाग अजून तप्त असतो. तो मागाहून गार होताना आकसतो आणि आधीच कडक झालेल्या पृष्ठभागाला आवळून धरतो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, ती गार होताना चाक जसं करकचून आवळते, तसंच हे. पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला ७०० किलो किंवा त्याहून जास्त दाब कायमचा बसतो. काच फुटते ती चीर फाकली म्हणजे, आणि हा दाब चीर फाकूच देत नाही. त्यामुळे टफन काच साध्या काचेच्या चारपाच पट मजबूत असते आणि २०० अंशांपर्यंतचा फरक सोसते.

पण पृष्ठभाग जितका दाबलेला, तितकाच गाभा ताणलेला. दाबाचा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण पाचव्या भागाइतकाच असतो, म्हणजे १२ मिलिमीटरच्या काचेत अडीच मिलिमीटरच्या आसपास. एखादी चीर तो थर ओलांडून ताणलेल्या गाभ्यात पोहोचली की साठलेली सगळी ऊर्जा एकदम सुटते आणि अख्खी काच बारीक तुकड्यांत विखुरते. तुकडे फारसे धारदार नसतात, म्हणूनच तिला सुरक्षा काच म्हणतात. तरी ज्यावर स्वयंपाक चाललाय तो ओटाच त्या क्षणी नाहीसा होतो. तिची दुखरी जागा म्हणजे कडा आणि कोपरे. तिथे थोडक्या जागेत बसलेला टणक घाव सहज आत उतरतो.

आता आपला ओटा डोळ्यांसमोर आणा. खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटली जाते, ठेचा रगडला जातो, भरलेला कुकर दणकन ठेवला जातो. भाकरीचा लोखंडी तवा आचेवरून उतरवून थेट ओट्यावर येतो आणि त्याचं तापमान अडीचशे-तीनशे अंशांत असू शकतं. ज्वारी निवडताना निघालेले खडे तिथेच पडलेले असतात. त्यातल्या गारेच्या खड्याची कठीणता १ ते १० च्या मोह्स मोजपट्टीवर ७ च्या आसपास, काचेची साडेपाच. खड्यावरून डबा सरकवला की चरा उठलाच. रोजच्या वापराचा ओटा म्हणून मी काच सुचवणार नाही. ग्रॅनाइट हे सगळं निमूट सोसतो. फारच हौस असेल तर चहाच्या कोपऱ्यात किंवा कुटण्या-थापण्याचं काम नसलेल्या जागी १२ मिलिमीटरची काच बसवावी, कडा घासून गोल केलेल्या असाव्यात.

भिंतीसाठी ६ किंवा ८ मिलिमीटर पुरते. सहाची एक चौरस मीटर काच १५ किलो भरते. टफन झाल्यावर ती कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही, कारण ड्रिलने दाबाचा थर भेदला की ती फुटणारच. म्हणून ओटा पूर्ण बसल्यावरच मापं द्या, आणि मिक्सरच्या सॉकेटची भोकं कारखान्यातच पाडून घ्या. पांढरा किंवा फिका रंग हवा असेल तर ‘एक्स्ट्रा क्लिअर’ मागा. साध्या काचेतल्या लोहामुळे पांढरा रंग हिरवट दिसतो.

खरंच टफन आहे का, हे रंग लावण्याआधी पाहता येतं. लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करून काचेमागे धरा आणि पोलराइज्ड गॉगल लावून बघा. गॉगल थोडा फिरवला की काचेत गडद-फिके ठिपके किंवा पट्टे उमटतात. हवेच्या झोतांनी कुठे कमी, कुठे जास्त दाब बसला त्याच्या या खुणा, साध्या काचेत त्या दिसत नाहीत. कोपऱ्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ हा भारतीय मानकाचा क्रमांकही शोधा. काचेसारखं दिसणारं ॲक्रेलिक स्वस्तात कुणी देऊ केलं तर गॅसमागे अजिबात लावू नका. ते शंभर अंशांच्या थोडं वर मऊ पडतं आणि ज्वाळा लागली तर पेटही घेतं. उचलून पाहिलं तरी कळतं, त्याचं वजन काचेच्या निम्म्याहूनही कमी असतं.

बसवताना कडेला दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून ती सिलिकॉनने भरावी. काच ५० अंशांनी तापली की मीटरमागे जवळपास अर्धा मिलिमीटर वाढते. मे महिन्यात आधीच तापलेल्या भिंतीवर गॅसची धग आली आणि काच दोन्हीकडून घट्ट अडकलेली असेल, तर ताण नेमका कडांवर येतो. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वापरू देऊ नका. त्यातून सुटणारं आम्ल मागचा रंग खराब करतं, ‘न्यूट्रल’ प्रकार आणायला सांगा. आणि नव्या भिंतीची ओल पुरती सुकू द्या. ओल अडकली तर काही महिन्यांत रंग काचेपासून सुटून मागे फुगे दिसू लागतात, आणि ते काढायचे तर सगळी काच उतरवावी लागते.