बाकोबा कसोटी सिद्ध का करत नाहीत?

एनसीईआरटीच्या नववीच्या 2006 सालच्या पुस्तकात त्रिकोणांच्या एकरूपतेच्या कोबाको (कोन-बाजू-कोन) कसोटीची रीतसर सिद्धता आहे. बाकोबा (बाजू-कोन-बाजू) मात्र गृहीतक म्हणून येते: दोन बाजू आणि त्यांमधला कोन जुळला की त्रिकोण एकरूप, हे मानून पुढे चला. यात पुस्तकाने टाळाटाळ केलेली नाही. मागे दोन हजार वर्षांहून जुनी अडचण आहे.

एकरूपतेचा धागा मिलेटस या ग्रीक शहरातल्या थेल्सपर्यंत, म्हणजे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकापर्यंत नेतात. किनाऱ्यावरून जहाजाचं अंतर काढायची त्याची रीत कोबाको प्रमेयाशिवाय चालणार नाही, तेव्हा प्रमेय त्याला ठाऊक असणारच, असं अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य यूडीमस याचं म्हणणं युक्लिडचा भाष्यकार प्रोक्लस याने नोंदवलं आहे. थोडक्यात, हा तर्क आहे. थेल्सचं स्वतःचं लिखाण हाती नाही.

पक्की मांडणी युक्लिडची, इ.स.पू. 300च्या सुमाराची. 'एलिमेंट्स' या त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकात बाकोबा चौथं प्रमेय, बाबाबा (तिन्ही बाजू) आठवं, तर कोबाको आणि कोकोबा (दोन कोन आणि त्यांच्यामधली नसलेली बाजू) दोन्ही सव्विसाव्यात. चौथ्याची सिद्धता तो अशी देतो: एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवा, शिरोबिंदू, बाजू, कोन जुळतात, म्हणून तिसरी बाजूही जुळते. वाचताना पटतं. पण आकृती उचलायची परवानगी युक्लिडच्या एकाही गृहीतकात नाही! बरं, ती असती तर दुसरं प्रमेय कशाला हवं होतं? तिथे दिलेल्या रेषाखंडाएवढाच रेषाखंड दुसऱ्या बिंदूपासून काढायला तो समभुज त्रिकोण आणि वर्तुळांची केवढी खटपट करतो. मला वाटतं, ही पळवाट त्यालाही खुपत असावी, कारण ती त्याने पुढे फारच थोड्या ठिकाणी वापरली आहे.

युक्लिडचा हा ग्रंथ भारतातही पोहोचला: तेराव्या शतकातला इराणी गणिती नासिरुद्दीन तुसी याच्या अरबी संस्करणावरून जगन्नाथ सम्राट या पंडिताने अठराव्या शतकात जयपूरच्या सवाई जयसिंहासाठी 'रेखागणित' हा संस्कृत ग्रंथ केला. तो 1901-02 मध्ये मुंबईत छापला गेला.

युरोपात झाक पेलतिए या फ्रेंच गणितीने 1557 मध्येच या उचलून ठेवण्यावर बोट ठेवलं होतं. निकाल लागला तो 1899 मध्ये, जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्टच्या हातून. त्याने बाकोबा गृहीतकांत घातली, तीही काटकसरीने: दोन बाजू आणि मधला कोन समान असेल तर उरलेले कोन समान, एवढंच मानायचं, तिसरी बाजू समान असल्याचं त्याने सिद्ध केलं. शिवाय लांबी मोजण्याची एक वेगळीच रीत रचून त्याने दाखवलं, की तिथे बाकीची गृहीतकं टिकतात आणि बाकोबा तेवढी कोसळते. म्हणजे ती बाकीच्यांतून कधीच निघाली नसती.

युक्लिडची वाट तरीही बंद झाली नाही. सरकवणं, फिरवणं, आरशासारखं उलटवणं या हालचालींनी लांबी आणि कोन बदलत नाहीत, हेच आधी गृहीत धरलं, तर बाकोबा खरोखर सिद्ध होते. अमेरिकेतल्या 2010च्या कॉमन कोअर अभ्यासक्रमाने शाळांसाठी हाच क्रम घेतला आहे.